दयाळाची पिल्लं आणि काकींचा बोका

लग्न होऊन पेणहून अष्टमी गावी आले, तेव्हा आमच्या आणि शेजारच्या काकींच्या परसात कमरेएवढी एकच भिंत होती. भिंतीला लागून जुना शेवगा. त्याच्या ढोलीत दर चैत्रात दयाळाची जोडी घरटं करायची. नर मुठीएवढा, काळा-पांढरा. पण सकाळी गायला लागला की कंपनीतून रात्रपाळी करून आलेले आमचे हे झोपायचं सोडून मागच्या दारात उभे राहायचे.

काकींकडे पिवळा बोका होता. सकाळी दुधावरची साय, दुपारी सुकटीचा भात. उशीसारखा फुगलेला. दिवसभर आमच्या परसात.

एका वर्षी पिल्लं ढोलीबाहेर पडली. त्यांना सुरुवातीला धड उडता येत नाही. अळवाखाली बसून राहतात, आईबाप किडे आणून भरवतात. मी भांडी घासत होते. बोका भिंतीवरून उतरला आणि त्यानं एक पिल्लू उचललं. मी राखेच्या हातांनी धावले. त्यानं ते टाकलं, पण मान मोडली होती. खाल्लंसुद्धा नाही! तिथंच बसून पंजा चाटत राहिला.

ते पिल्लू तळहातावर घेऊन मी काकींच्या दारात गेले.

“अगो, मांजराची जात ती,” काकी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. “देवानंच तसं केलंय.”

“देवानं त्याला साय नव्हती घातली, काकी. ती तुम्ही घालता. भूक नाय त्याला. पिल्लं उडेपर्यंत घरात ठेवा ना.”

“मांजर काय कोंडून ठेवायची वस्तू हाय?” त्यांनी पिल्लाकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसरं पिल्लू संध्याकाळी गेलं. दयाळाची मादी अंधार पडेपर्यंत चोचीत अळी धरून भिंतीवर ओरडत होती. हे म्हणाले, “शेजार आहे, किती ताणायचं?” मी त्यांच्यावरच उखडले. “मग गाणं ऐकायला दारात कशाला उभे राहता?”

पुढच्या चैत्रात जोडी परत आली. मी शेवग्याच्या बुंध्याला बोरीचे काटे बांधले. बोका ढोलीपर्यंत जाईना, पण खाली उतरलेल्या पिल्लांना काटे काय वाचवणार?

त्यातच काकींकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. आळीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. हातात कैरीची डाळ, पन्हं. तेवढ्यात बोका आत आला. तोंडात बुलबुल, एक पंख अजून फडफडत होता. त्यानं तो गौरीपुढच्या रांगोळीवर आणून टाकला.

“शिकारी हाय गो मेला!” काकी कौतुकानं म्हणाल्या. बायका हसल्या.

माझं डोकं फिरलं. वाटी खाली ठेवून मी उभी राहिले. “हसता कसल्या? तुमच्या देवापुढं जीव तडफडतोय आणि तुम्हाला कौतुक सुचतंय? मांजराला काय कळायचंय! कळायला हवं ते तुम्हाला. बोका तुमचा आहे, काकी, म्हणजे हे मारणंही तुमचंच!”

मी रांगोळीवरून तो जीव उचलला. बुलबुल माझ्या ओंजळीतच गेला. मी कुंकू न लावून घेता घरी आले.

आळीत माझं नाव झालं: भांडकुदळ, पाखरांची वकील. काकींनी बोलणं टाकलं. पण दोन-तीन दिवसांनी त्यांच्या पडवीला जाळी ठोकलेली दिसली. आत बोका, कोपऱ्यात पाटीभर रेती. मी बघतेय हे पाहून त्या भिंतीपलीकडून ओरडल्या, “तुझ्यासाठी नाय केलं! चारचौघींत परत शोभा नको म्हणून केलं!”

त्या चैत्रात तिन्ही पिल्लं उडाली. बोका पडवीत पाय ताणून झोपायचा, त्याचं काहीच बिघडलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण राग त्याहून मोठा होता. एवढंसं तर काम होतं! हातभर जाळी आणि चार खिळे. आणि त्यासाठी मला भर हळदीकुंकवात ओरडावं लागलं. अजूनही कुणी हसत म्हणालं, “मांजरच ते,” की माझं रक्त तापतं.