सातच्या फेरीआधीचं लेट्यूस

पिलनाम,

उल्सानला मुलीकडे, मीयनकडे राहायला गेलीस आणि फोनवर नुसतं गुडघ्याचं रडगाणं लावतेस. मला कंटाळा आला. म्हणून मीच लिहिते, आणि त्या संध्याकाळचंच लिहिते.

देगूच्या आपल्या इमारतीत तू गच्चीवर थर्माकोलच्या खोक्यांत लेट्यूस लावायचीस, पण नवऱ्याच्या पुढ्यात ते क्वचितच यायचं. सोकगू रात्रीचा ट्रक चालवायचा. लेट्यूस खाल्लं की झोप येते हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. परीक्षेच्या दिवसांत कुठली आई ते घरात आणते? तू टोपलीभर पानं धुताना दिसलीस की मी समजायचे, आज सोकगूला सुटी.

मग त्या वसंतात त्याचा ट्रक महामार्गाच्या कठड्याला घासला. टायर फुटला म्हणाला. तू जाऊन बघून आलीस, सगळे टायर धड होते. चालवता चालवता डुलकी लागली होती त्याला. सत्तरीला आलेला माणूस, दुसरं काय होणार? पण कबूल करील तर शपथ.

आठवड्याने ठेकेदाराचा फोन आला: सातला निघायचं, इंचॉन बंदराचा माल. पाच वाजता तू माझ्या दारात.

"ताई, खाटकाकडून पातळ कापलेलं बीफ आणता का? मी हलले तर हे निघून जातील."

मी आणलं. तू नाशपाती किसलीस, सोया सॉस, लसूण, तिळाचं तेल घालून ते हाताने चोळलंस आणि मुरायलाही न ठेवता तापल्या तव्यावर टाकलंस. मग पानांची टोपली मेजावर ठेवलीस. सोकगूचा हात तिथेच थांबला.

"मीयनची आई, आज मला जायचंय."

"ठाऊक आहे."

"मग हे काय काढलंस?"

"आ करा."

तळहातावर पान, त्यात मांस, चिमूटभर भात, सोयाबीनची आंबवलेली चटणी, लसणाची चकती. मुडपून थेट त्याच्या तोंडाशी. कुणी भरवलेला घास नाकारायची आपली रीत नाही, आणि तो अर्धा तोडायचीही नाही. गाल टम्म फुगवून बसला बिचारा. बोलायची सोयच नाही. बोललीस तू.

"टायर मी बघितलेत."

त्याने गिळलं. "अगं, पण..."

दुसरा घास. "मीयनला काय सांगू? बाबा कुठल्या कठड्याला सापडले म्हणून?"

तिसरा. चौथा. मध्ये सवड मिळाली तेव्हा माझ्याकडे वळला. "बाई, हिला आवरा जरा."

"मला कशाला सांगतोस? चाव."

 सहाव्याला तुझं पान नीट मुडपलंच नाही, मांस मेजावर सांडलं. त्याने ते उचलून खाल्लं, टोपलीकडे बघत राहिला आणि फोन घेतला.

"साहेब, आज जमत नाही. बायकोने लेट्यूस खायला घातलं."

 पलीकडचं आपल्याला तिघांनाही ऐकू आलं, "किती?"

"टोपली संपत आली."

"मग कसला येतोस? झोप जा."

डुलकीचं तो कुणाला मेला तरी बोलला नसता. लेट्यूसचं बोलता आलं. मग त्याने एक मोठं पान घेऊन त्यात तीन जणांचं मांस कोंबलं आणि तुझ्यापुढे धरलं. "आता तू आ कर." तुला ते मावेना, तरी तोडलं नाहीस.

त्यानंतर तो रात्रीचा गेलाच नाही. रोज घरी, म्हणून रोज लेट्यूस. खोक्यांत नुसते दांडे उरले. तू म्हणालीस, "ताई, मंगळवारी बियाण्यांच्या बाजारात जाऊ. लाल काठाचं घेऊ, हे उन्हाने कडू होतं."

त्या मंगळवारी तुझा गुडघा सुजला. पुढच्या मंगळवारी माझे डोळे तपासायचे होते. मग एकदम मीयनने पाठवलेला टेम्पोच दाराशी उभा, आणि सोकगू ड्रायव्हरशेजारी बसून त्याला रस्ता शिकवतोय.

खोकी माझ्याकडे आली. माती तशीच आहे, कोरडी. बाजार अजून मंगळवारीच भरतो. लाल काठाचं बी आणायचं राहिलंय.