थडग्यावरची दोन नावं

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये ऑगस्टाबाईंना कुणी परकं मानत नसे. शाळा सुटली की बाकीच्या गोऱ्या मास्तरणी ट्राम पकडून घरी जात; या मात्र लुईच्या लाँड्रीत, इस्त्रीच्या वाफेत बसून राहत. मुलांसाठी पुस्तकं लिहीत. इतरांच्या पुस्तकांतले चिनी कपटी डोळ्यांचे असत. बाईंच्या पुस्तकांतली चिनी मुलं भांडत, शेंबूड पुसत, गणितात नापास होत.

गोष्टी पुरवायची लुईची मुलगी, युक-हिंग. "घेऊन जा हिला, बाई," तिची आई म्हणायची, "कपडे वाळतात, पण हिची जीभ काही वाळत नाही."

वसंतात पितरांची थडगी झाडायला बाईही त्यांच्याबरोबर गेल्या. युक-हिंगच्या आजोबांच्या दगडावर इंग्रजीत आडनाव लुई होतं, चिनीत ताम. बाईंना चिनी वाचता येई.

"हे असं का गं?"

"लुई बंदरावरच्या साहेबांसाठी," कोंबडीचा पाय चोखत युक-हिंग म्हणाली. "ताम पूर्वजांसाठी. नाहीतर ते आपल्या माणसाला ओळखणार कसे?"

बाईंना गहिवरून आलं. चिनी मजुरांना अमेरिकेचं दार कायद्याने बंद होतं. इथे राहायचा हक्क असलेल्या दुसऱ्याच्या मुलाचं नाव विकत घेऊन कितीतरी जण उतरले होते, हे त्यांच्या कानावर होतं. पण आजूबाजूला अशी दोन नावांची थडगी रांगेने उभी होती. उघड्यावर दगडात कोरलेलं ते गुपित कसलं, असं त्यांना वाटलं. गुपित होतं ते फक्त इंग्रजी वाचणाऱ्यांपासून. आणि बाईंनी ते इंग्रजीत लिहिलं.

पुस्तकात मुलीचं नाव बदललं होतं. लाँड्री, गल्ली, पडलेला पुढचा दात, सगळं तेच होतं. शरद ऋतूत दोन अधिकारी ते पुस्तक बगलेत मारून आले आणि लुईला खाडीतल्या बेटावर, बाहेरून आलेल्यांना अडकवून ठेवायच्या कोठडीत घेऊन गेले.

बाई त्या अधिकाऱ्यांच्या कचेरीत धावल्या. "ती गोष्ट आहे. माझ्या मनातली."

साहेब सज्जन होता. त्याने खुर्ची पुढे केली. "माझी मुलगी तुमचीच पुस्तकं वाचते, बाई. तुम्ही खोटं लिहीत नाही."

चायनाटाउनमध्ये कुणी त्यांना बोल लावला नाही. वैद्य वोंगकाकांनी आपल्या औषधांच्या दुकानात त्यांना चहा ओतला. "तुमच्या मनात काही वाईट नव्हतं," ते म्हणाले, आणि मासळी किती महागली ते सांगत बसले. दुकानातली बाकीची माणसंही मग मासळीवरच बोलली.

लुईला चीनला परत पाठवायचं ठरलं. मायलेकीही त्याच्याबरोबर निघाल्या. धक्क्यावर बाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. इतकं बोलायचं ठरवलं होतं. तोंडून निघालं ते गल्लीत येता-जाता कुणीही कुणाला विचारतं, तेवढंच.

"जेवलीस का गं?"

युक-हिंगने ओठ उघडले. मग वळून आईकडे पाहिलं.

"जेवली," आई म्हणाली, आणि मुलीचा हात धरून जहाजाच्या शिडीकडे निघाली.