‘म’ आणि ‘ले’ मधली जागा

आधीच सांगते, मी लॉग, म्हणजे कम्प्युटरमधल्या नोंदी, बघून बोलणारी बाई आहे. एका कंपनीसाठी मेल सपोर्टचं काम करते. लोकांचे मेल मोबाईलवर दिसतात पण कम्प्युटरवर दिसत नाहीत, किंवा इकडे डिलीट केले तरी तिकडे राहतात... ते जुळवून द्यायचं. नऊ वर्षं हेच चाललंय. ‘मी काहीच केलं नाही, आपोआप झालं’ असं रोज पाच-सहा जण मला सांगतात, आणि दर वेळी कुणीतरी काहीतरी केलेलंच असतं.

घर म्हणाल तर आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. भूत, भगत, अंगारा हे शब्द आमच्याकडे फक्त कुणाची थट्टा करायची असली तर निघायचे. लहानपणी एका चिंचेच्या झाडाखालून जायला मी घाबरले, तर बाबांनी हाताला धरून मला त्याच झाडाखाली बसवलं आणि खिशातले शेंगदाणे काढून दिले. शेंगदाणे संपेपर्यंत कोणी आलं नाही. माझं त्या विषयातलं शिक्षण तिथेच पूर्ण झालं. म्हणून हे लिहिताना लाज वाटतेय... पण लिहिते.

आमचं घर जरीपटक्याच्या बाजारापासून चालत दहा मिनिटांवर. खाली आई-बाबा, वर एकच खोली, बाहेरून सतरा पायऱ्यांचा जिना. लग्न मोडून परत आल्यापासून ती वरची खोली माझी. घर तेच आणि ऑफिसही तेच.

बाबा आयटीआयमधून रिटायर झालेले, फिटर ट्रेडचे इन्स्ट्रक्टर. रिटायरमेंटला विद्यार्थ्यांनी टॅब भेट दिला, त्यावर मी त्यांचा मेल टाकून दिला. पेन्शन, वीजबिल, बँक हे सगळं मीच पाहायची, म्हणून तोच पत्ता माझ्या वरच्या कम्प्युटरवरही लावून ठेवला. एकच पत्ता, दोन ठिकाणी.

टॅबशी बाबांचं पहिलं भांडण झालं ते भाषेवरून. मराठी कीबोर्डवर त्यांनी ‘मले’ लिहिलं की तो त्याचं ‘मला’ करायचा. ‘तुले’चं ‘तुला’. बाबा चिडायचे. “बेबी, हा डब्बा मले पुणेकर बनवून राहिला वं!” मी म्हटलं सेटिंग बदलून देते, तर त्यांनी माझी वाट न पाहता फिटरचा जुगाड काढला. ‘म’ लिहायचं, जागा सोडायची, मग ‘ले’ लिहायचं. ‘म ले’. ‘तु ले’. कीबोर्डला काही कळायचं नाही आणि बाबा खूश. तेव्हापासून ते कायम तसंच लिहायचे. मीसुद्धा कॉलवर बोलून बोलून घरात ‘मला-तुला’ करायला लागले होते, तर ते मलाही टोकायचे. “मला नाही, मले म्हण. कोणाची पोरगी आहेस?”

दुसरं भांडण सिंकवरून, म्हणजे दोन्हीकडचे मेल आपोआप जुळण्यावरून. मी वर एखादा मेल उघडला की त्यांच्याकडे तो वाचलेला दिसायचा, डिलीट केला की गायब. मग ते सतरा पायऱ्या चढून दारात. “बेबी, माझी पेन्शनची मेल कोणं खाल्ली?” पहिल्या वेळी मी हसले. आठव्या वेळी टॅब त्यांच्या हातातून घेतला, सिंक बंद केलं आणि म्हटलं, “घ्या. आता तुमच्याकडचं काही जाणार नाही.” तुमच्याकडून वर काही येणारही नाही, हे सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही.

मग गेल्या उन्हाळ्यातला तो दिवस. मी एका मोठ्या क्लायंटच्या कॉलवर होते, स्क्रीन शेअर चालू, आणि बाबा दारात. कूलरमध्ये पाणी टाकू का, असं काहीतरी विचारत होते. मी म्यूट केलं आणि ओरडले. खरंच ओरडले. “बाबा, सारखं सारखं वर येऊ नका. जे असेल ते मेलमध्ये लिहून ठेवा, मी पाहीन.”

ते म्हणाले, “कोणाच्या पत्त्यावर टाकू? तुह्या इथं बी माझाच पत्ता आहे ना?”

“पाठवू नका कुठे! नुसतं लिहून ठेवा. माझ्याकडे आपोआप दिसतं.”

सिंक मीच बंद केलंय, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही नव्हतं. क्लायंट वाट पाहत होता. बाबा “बरं” म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्यानंतर ते वर आले नाहीत. मला वाटलं, चला, कळलं एकदाचं. मला बरं वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

अडीच महिन्यांनी बाबा गेले. चारचा चहा घेतला, रोजच्यासारखे खुर्चीत टॅब घेऊन बसले आणि खुर्चीतच कलंडले. हार्ट अटॅक. टॅब फरशीवर आपटला. आई खालून हाका मारत होती आणि मी वर हेडफोन लावून बसले होते. शेवटी शेजारच्या काकू जिना चढून आल्या.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. आई भांडी पुसत होती. पुसता पुसता तिने विचारलं, “त्यायनं तुले काय कळवलं होतं वं?”

“कधी?”

“मी विचारो ना, आजकाल गप्प काहून राहता? त म्हणे, मी बेबीले कळवून ठेवलं आहे. ती पाहून घेईन. दोन-तीनदा म्हणाले.”

मला काही आठवेना. रात्रभर आठवत बसले. सकाळी दात घासताना एकदम आठवलं — नुसतं लिहून ठेवा.

मी टॅब शोधला. तो चालूच होईना. बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्याने मागचं झाकण उघडलं आणि मलाच आत बघायला लावलं. “मॅडम, बॅटरी फूल गई है. और गिरने से बोर्ड भी गया. इसमें से अब कुछ नहीं निकलेगा.” मी म्हटलं, फक्त ड्राफ्ट पाहिजेत, न पाठवता लिहून ठेवलेले मेल, काहीही करा. त्याने दोन दिवस ठेवून घेतला आणि परत केला. फुगलेली बॅटरी त्याने काढून ठेवली. उघडा टॅब मी कॅरीबॅगमध्ये घालून घरी आणला आणि आईच्या कपाटावर ठेवला. म्हणजे बाबांनी काय कळवलं होतं ते आता मला कधीच कळणार नव्हतं.

यानंतर आठ-नऊ दिवसांनी, दुपारी, मी काम करत होते. बाबांचा मेल कोपऱ्यात उघडा ठेवायची सवय गेली नव्हती. ड्राफ्टच्या समोर आकडा आला. एक.

विषय नाही, पत्ता नाही. आत लिहिलं होतं —

‘बेबी गॅसवाला येऊन गेला. तू कॉलवर होती म्हणून आवाज नाही दिला. कूलर भरला.’

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी आधी हसले. मग रडले. मग कामाला लागले, कारण मला दुसरं काही येत नाही. जुना मेल सर्व्हरवर कुठेतरी अडकून उशिरा दिसू शकतो, असं मी स्वतःला समजावलं. पण सेव्ह झाल्याची वेळ त्याच दिवसाची होती. मी पासवर्ड बदलला. या अकाउंटला कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत त्याची यादी उघडली आणि माझा कम्प्युटर सोडून सगळी काढून टाकली. दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “अरे मॅडम, बॅटरी तो मेरे पास पड़ी है!” कपाटावरची कॅरीबॅग पाहिली. होती तशीच होती, वर धूळ.

दुसऱ्या दिवशी चार-दहाला ड्राफ्ट दोन झाले.

‘आज वर येत होतो पण पाचव्या पायरीवर दम लागला. खाली बसलो. म्हटलं तू रागावशील.’

मग रोज एक. त्याच वेळेला. एकदा आईच्या चष्म्याबद्दल. एकदा नुसतं, ‘दिसून राहिलं का?’ हे ते पूर्वी खालून ओरडून विचारायचे, काही टाइप केलं की लगेच. पाचवा असा होता —

‘छातीत जड जड वाटून राहिलं दोन दिवसापासून. डाव्या हातात बी. म ले वाटते डॉक्टरले दाखवाव. तुझ्या आईले नको सांगू ती घाबरते. तु ले टाइम भेटला की खाली ये.’

सहावा —

‘वाचलं असशील. काही बोलली नाही. कामात असशील.’

सातवा —

‘म ले वाटते तू अजून रागावून आहे. मी वर नाही येत आता. पण एकदा खाली ये बेटा.’

सातच आले. मी ते इथे लिहू शकते कारण मला पाठ आहेत. त्या अडीच महिन्यांत मी रोज खाली जात होते हो — जेवायला, चहाचा कप घ्यायला, कानात हेडफोन घालून. ते माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं, आता बाबा शांत झालेत. आणि त्यांना वाटत होतं की छातीत दुखतंय हे मला माहीत आहे, आणि तरी मी कप उचलून वर जातेय.

ते गेले याचं दुःख आहेच. पण झोप उडाली ती या दुसऱ्या गोष्टीने. बाबा हे मनात घेऊन गेले. मी वाचलंच नव्हतं, हे त्यांना सांगायला आता जागाच नव्हती.

आईला गॅसवाल्याचा आणि चष्म्याचा वाचून दाखवला. कुठून आले ते सांगितलं. तिने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली, “आपण असं मानत नाही बेबी.” थोड्या वेळाने म्हणाली, “अजून काय लिहिलं आहे?” मी म्हटलं, एवढंच. छातीचं तिला अजून सांगितलेलं नाही. नको सांगू, असं त्यांनी लिहिलं होतं.

दोन-तीन दिवस काहीच आलं नाही. मग मी एक वेडेपणा केला. त्याच अकाउंटमध्ये नवा ड्राफ्ट उघडला. पत्ता नाही, विषय नाही. लिहिलं —

‘बाबा, मला यातला एकही दिसला नव्हता. सिंक मीच बंद केलं होतं आणि विसरले. मला माहीत असतं तर मी धावत खाली आले असते.’

सेव्ह केलं. कम्प्युटर बंद केला, भिंतीवरचं बटणही बंद केलं. खोलीला कुलूप लावून आईकडे खाली झोपायला गेले. पासवर्ड नवा होता, फक्त माझ्या डोक्यात. यादीत एकच उपकरण, आणि ते बंद.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली होती. चारचा चहा झाल्यावर वर येऊन कुलूप काढलं, कम्प्युटर चालू केला. ड्राफ्ट आठच होते, नवीन काही नाही. सात त्यांचे, एक माझा. माझ्या ड्राफ्टसमोरची सेव्हची वेळ मात्र बदललेली होती. चार-दहा. त्या वेळी मी खाली चहा गाळत होते, आई समोर बसलेली.

मी तो उघडला. वाक्यं माझीच होती, एक शब्द जास्त नाही की कमी नाही. रागवलेलं नाही, माफ केलेलं नाही. फक्त दोन ठिकाणी दुरुस्ती होती —

‘बाबा, म ले यातला एकही दिसला नव्हता.’

‘म ले माहीत असतं तर...’

मी खुर्ची मागे ढकलून उठले. मग परत बसले आणि कर्सर नेऊन त्या जागेवर ठेवला, ‘म’ आणि ‘ले’ च्या मध्ये. खरंच जागा होती. माझ्या कीबोर्डवर ‘मले’ सरळ लिहिता येतं, तो काही बदलत नाही. तशी जागा सोडायची गरज जगात एकाच माणसाला पडायची.

या ग्रुपवर आयटीवाले बरेच आहेत. तुम्ही विचाराल ते सगळं मी करून पाहिलंय. लॉगिनचा इतिहास तपासला — त्या वेळी कोणीच लॉगिन केलेलं नाही. झोपेत तूच केलं असशील, असं एका मैत्रिणीने सुचवलं. पण दुपारी चार वाजता मी झोपले नव्हते, आईसाठी चहा गाळत होते. बाबा असते तर म्हणाले असते, अजून एकदा चेक कर. केलंय बाबा.

त्याला आता सात महिने झाले. पुढे काही आलं नाही. तो ड्राफ्ट मी पुन्हा उघडलेला नाही, चुकून हात लागून वेळ बदलेल या भीतीने. त्यांनी माझं वाचलं, इतकं मला कळलं. वाचून त्यांना काय वाटलं, ते त्यांनी लिहिलं नाही... आणि विचारायची माझी हिंमत नाही. सात वेळा लिहिलं त्यांनी, शेवटी तर छातीत दुखत असताना. मी एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

कामाच्या वेळा बदलून घेतल्यात. चार वाजता हेडफोन काढते, सतरा पायऱ्या उतरते आणि आईजवळ बसते. ती म्हणते, “काय वं, काम नाही का आज?” मी म्हणते, “आहे. मले तुह्यासंग चहा प्यायचा आहे.”