यातला मधू कोणता?

रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मधे अडकला की येणारा आवाज तुम्ही ऐकला असेल. आधी खरखर, मग लांबून कोणी शीळ घालत यावं तशी एक बारीक रेघ, आणि तिच्याखाली सुपात तांदूळ पाखडावेत तशी अखंड सळसळ. तो आवाज येताच आपण सारे घाईने काटा पुढे सरकवतो. माझा धाकटा भाऊ मधू तिथेच थांबायचा. नुसता थांबायचा नाही, डोळे मिटून मान डोलवायचा! मी वाचनालयात नोकरी करणारी, पुस्तकांत रमणारी, शांततेची भुकेली. आणि माझ्याच पाठीवर हा जन्माला यावा, याला काय म्हणावं?

आमच्या रत्नागिरीत सुरांचा काही दुष्काळ नव्हता. देवळात भजन होतं, गणपतीत जाखडीची नाचगाणी होती, नाट्यगीतांची हौस तर घरोघरी. मधूने यातलं काहीच धरलं नाही. त्याने धरले दोघे जण. एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा अनंत, आणि दुसरा मिरकरवाड्याचा इक्बाल, ज्याच्या थोरल्या भावाने दुबईहून दोन टेपरेकॉर्डर आणले होते. दर रविवारी दुपारी आमच्या मागच्या पडवीत या तिघांचा उद्योग सुरू व्हायचा. मोडक्या रेडिओंच्या पोटातल्या तारा, फुटके कर्णे, आणि एक बटण फिरवलं की घुमणारा, दुसरं फिरवलं की किंचाळणारा, अनंतने जोडलेला पत्र्याचा डबा. माईक कर्ण्यासमोर आला की केकाटतो हे साऱ्या जगाला ठाऊक आहे, म्हणून सारं जग तो बाजूला करतं. हे तिघे तो मुद्दाम समोर धरायचे, आणि त्या केकाटण्याला एखाद्या हट्टी वासरासारखं हळूहळू वळवत न्यायचे. काही लिहिलेलं नसे, काही ठरलेलं नसे. एकाने दुसऱ्याचं ऐकायचं आणि त्याच्या शेजारी आपलं ठेवायचं, इतकाच काय तो त्यांचा शास्त्राधार. परदेशात अशा वादनाला लोक तिकीट काढून बसतात, असं मधूने कुठल्याशा शॉर्टवेव्हवर ऐकलं होतं. बसत असतील! त्यांच्या घरी दुपारी कोणाला झोपायचं नसेल.

शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "मधू, गावलं काय रे स्टेशन?" तो आतून ओरडायचा, "नाय काकू! गावलं तर बंदच करू!" मला हसू यायचं आणि हसू आल्याचा रागही. पुस्तक मिटून मी खाडीच्या बाजूला जाऊन बसत असे. एवढ्या मोठ्या जगात या माणसाला नेमकं आमच्या पडवीतच ऐकायचं होतं का?

गेल्या वर्षी त्याला कावीळ झाली, आणि काही कळायच्या आत तो गेला. मग घरात शांतता आली. इतकी वर्षं जी मागत होते ती अशी मिळावी? मी पानं उलटत राहिले; एकही ओळ डोळ्यांपलीकडे जाईना. आणि एके दिवशी माझ्या ध्यानात आलं की त्याचा आवाज मला आठवत नाही. चेहरा आठवत होता, चालणं आठवत होतं. तो मला "गो ताई" अशी हाक मारायचा हेही आठवत होतं, पण ती हाक मला माझ्याच आवाजात ऐकू येत होती. छायाचित्र भिंतीवर राहतं, अक्षर वहीत राहतं; आवाजाला मात्र आपल्या कानांवाचून घर नाही, आणि माझे कान तर मी आयुष्यभर त्याच्याकडून फिरवून घेतले होते.

मग एकदम सुचलं. हे तिघे आपलं वाजवणं टेप करून ठेवायचे. वाजवता वाजवता ते बोलायचे, हसायचे, चहा मागायचे. म्हणजे त्या कॅसेटमध्ये मधू होता! मी दोघांना निरोप धाडला की मधू असलेली एखादी कॅसेट मला द्या. "देतो ताई, चांगली करून देतो," अनंत म्हणाला. त्या 'चांगली'चा अर्थ मी तेव्हाच विचारायला हवा होता.

वर्षश्राद्धाच्या दिवशी दोघे पडवीत येऊन बसले. कॅसेट नव्या डबीत, शिवाय सोबत टेपरेकॉर्डर. ओटीवर चुलतभाऊ श्राद्धाला बसला होता. मंत्र चालू होते. इकडे इक्बालने कॅसेट लावली, आणि मी कान लावून ऐकू लागले. घुमणं, खरखर, शीळ. पुन्हा खरखर. माणसाचा आवाज म्हणून नाही.

"अनंत, यात बोलणं कुठं आहे?"

"काढलं ना ताई!" त्याचा चेहरा उजळला. "दोन मशीनी जोडल्या, बोलणं आलं की थांबवायचं, संपलं की पुढं. या इक्बालचं बोट सुजलं बटण दाबून दाबून. एक खोकला नाय ठेवला."

"आणि मूळची कॅसेट?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोऱ्या कॅसेट महाग, म्हणून जुन्यावरच नवं भरायचं, ही त्यांची पहिल्यापासूनची रीत. मधू असलेली ती एकच उरली होती, आणि तिच्यावर आता परवाच्या रविवारचं या दोघांचं वाजवणं बसलं होतं.

"म्हणजे पुसलंत?"

"पुसलं नाय ताई, वर भरलं," इक्बाल म्हणाला, जणू त्यात काही फरक असावा! मग माझा चेहरा पाहून हळूच म्हणाला, "मधूचाच नियम होता. माणूस बोलला की कान तिकडंच धावतात, बाकीचं कोण ऐकत नाय, म्हणायचा. बोलणं पहिलं काढा."

आता सांगा, रागवायचं कोणावर? भिंतीवरच्या हार घातलेल्या माणसावर? मी एवढंच म्हणाले, "बरं. मग यातला मधू कोणता, तेवढं तरी दाखवा."

दोघे टेपरेकॉर्डरवर वाकले.

"हा. घुमतो तो," अनंत म्हणाला.

"तो मधू? तो मी, अनंता!"

"तू? तुझी तार तेव्हा तुटलेली. तुझी ती शिट्टी."

"शिट्टी मधूची!"

"अरे मेल्या, मधू कधी एवढा बेसूर होता?"

बेसूर! त्या गदारोळात यांना सूर-बेसूर कळत होता! ओटीवरून चुलतभावाने आवाज कमी करण्याची खूण केली. मी कपाळाला हात लावला. वर्षभर ज्याला शोधत होते तो या तीन आवाजांतला एक होता, आणि त्याच्याबरोबर इतकी वर्षं बसलेल्यांनाही तो निवडता येत नव्हता.

एवढ्यात कॅसेटमधला एक आवाज थांबला. विझत गेला नाही. कोणी हात उचलून घ्यावा तसा थांबला. उरलेले दोन आवाज जरा बिचकले. भांडण तिथेच सोडून अनंत-इक्बालने टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवलं.

"हा मधू," दोघे एकदमच म्हणाले.

"कोणता? आता तर काहीच वाजत नाही."

"तेच तर," अनंत म्हणाला. "मधेच हात काढून घ्यायचा आणि आमचं ऐकत बसायचा. लय वैताग यायचा ताई. वाटायचं, आता येईल, आता येईल."

दोन आवाज एकमेकांना चाचपडत पुढे चालले होते, आणि त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेत मधू कान देऊन बसलेला होता. मी प्रथमच त्या खरखरीपासून उठून गेले नाही. कॅसेटची बाजू संपेपर्यंत तो पुन्हा शिरला नाही. सांगून जायची रीत त्याला कधी नव्हतीच. आणि आपण मात्र कान टवकारून बसायचं, आता येईल, आता येईल म्हणत.