कार्डावरचं बाळंतपण

जे बारसं मी डोळ्यांनी पाहिलंच नाही, ते मला आजही आठवतं. नोकरीत असताना खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे विसरले. हे मात्र विसरता येत नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही. दोघी बहिणी होत्या, एक थोरली, एक धाकटी. तेवढं पुरे.

मी तेव्हा हैदराबादेत एका ठाण्यात महिला उपनिरीक्षक होते. आमच्या ठाण्यात मराठी बोलणारी मी एकटीच. एका दुपारी फोन आला. पलीकडच्या बाईनं माझं नाव नाही घेतलं, म्हणाली, "त्या मराठीवाल्या बाईला द्या." मी घेतला. डबड्यात नाणं पडल्याचा आवाज आला, म्हणजे रस्त्यावरच्या बूथवरून बोलत होती.

"अंबरपेठेत एका घरात लेकरू हाय. ते त्या बाईचं न्हाई. तिला कधी दिवस गेलेच न्हाईत."

"तुम्ही कोण?"

"शेजारीण."

"मग लेकरू कुणाचं?"

तिनं आणखी एक नाणं टाकलं. मग पत्ता सांगितला आणि म्हणाली, "त्याला बाटली सोसत न्हाई, बाई. लवकर या." आणि फोन ठेवला.

शहरात त्या काळी लेकरं विकत घेण्यादेण्याच्या कुजबुजी होत्या. म्हणून मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि इन्स्पेक्टर साहेबांना सांगितलं. साहेब तेलुगू, पण आमच्याशी दखनीत बोलायचे. म्हणाले, "तुमारे लोगाँ का मामला दिखता, बाई. वर्दी में नक्को जाव."

साधं पातळ नेसून गेले. एका आवारात दोन-तीन बिऱ्हाडं. थोरलीनं दार उघडलं आणि परत खाटेवर जाऊन बसली. डोक्याला फडकं बांधलेलं, कानात कापूस, मांडीवर लेकरू, शेजारी दुधाची बाटली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. घर नीटनेटकं. मी पोलीस आहे म्हटल्यावर तिनं पाणी विचारलं नाही, चहा विचारला नाही, उठून दवाखान्याचे कागद आणले आणि माझ्या हातात दिले.

एक गोष्ट सांगते. ज्याचं काही चुकलेलं नसतं तो आधी विचारतो, "काय झालं?" जो न विचारता कागद पुढे करतो, त्यानं पोलिसाची वाट पाहिलेली असते.

कागद मात्र पक्के होते. तिचा नवरा एका कारखान्यात कायम नोकरीला. कामगार विम्याचं कार्ड होतं, म्हणजे घरच्यांना दवाखाना फुकट. त्या कार्डावर, तिच्या नावानं, विम्याच्या दवाखान्यात ऑपरेशन करून बाळंतपण झालेलं. मुलगा. खाली शिक्का.

मी आवारातल्या दुसऱ्या बिऱ्हाडात गेले. तिथली म्हातारी, आवाराची खाला म्हणजे मावशी, सुपारी कातरत बसली होती.

"पेट?" ती म्हणाली. "पेट तो हम देखेच नै, अम्मा. माइके जाती, नांदेड, बोलके गई, बच्चा लेके आई. अल्ला की देन है बोले, हम भी खुश हो गए. तुमकू क्या तकलीफ है?"

"मेरेकू कुछ तकलीफ नै, खाला."

"तो फिर कायकू आए?"

मी वही मिटली. पण घोळ ध्यानात आला. बाई सांगून गेली माहेरी, नांदेडकडे. कागद सांगत होता, बाळंतपण इथेच, शहरात.

दवाखान्यात गेले. डॉक्टरबाई कामात बुडालेल्या, व्हरांड्यात बायकांची रांग. मी कार्ड दाखवून विचारलं, ऑपरेशन झालेली बाई हीच का? कार्डावर सगळ्या कुटुंबाचा एकच फोटो, त्यातही चेहरे पुसट. डॉक्टरबाईंनी वर न बघता सांगितलं, "मॅडम, हम कार्ड देखते. चेहरे देखने बैठे तो बाहर की औरतें बाहरीच जनेंगी."

मला तेव्हा त्यांचाही संशय आला. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मला सगळ्यांचाच संशय येत होता. खालाचाही आला, की फोन हिनंच केला आणि आता भोळेपणा करतेय. पण खालाला मराठी येत नव्हती.

नवऱ्याला ठाण्यात बोलावलं. नाकासमोर चालणारा माणूस वाटला. नाव, गाव, नातेवाईक विचारून घेतले. "मागेपुढे कोणी नाही, आईवडील गेले, भाऊ नाही, बहीण नाही," असं त्यानं सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं. मग लेकराचं विचारलं.

"माझं आहे. कार्ड बघा."

"मी कार्ड विचारत नाही. लेकरू विचारते."

"कार्डावर आहे ना, मॅडम."

दुसऱ्या खोलीत थोरलीही तेच म्हणाली. दोघांचे शब्दसुद्धा तेच, म्हणजे घरी बसून पाठ केलेले. मी तिला सरकारी दवाखान्यात महिला डॉक्टरकडे तपासायला नेलं. ती नाही म्हणाली नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं, या बाईचं ऑपरेशनही झालेलं नाही आणि बाळंतपणही नाही.

आता प्रकरणाला वेगळंच वळण लागलं. तिच्या नावावर दुसरीच कुणी बाई बाळंत झाली होती. साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. "वो औरत किधर है? जिंदी है की नै?"

थोरलीला परत विचारलं. म्हटलं, "पैसे देऊन घेतलं का?" ती गप्प. "तिला काही झालं का? मेली का ती?" त्यावर तिनं एकदम तोंडावर हात ठेवला. नवरा म्हणाला, "तुम्हाला काय लिहायचं ते लिहा." खरेदीचा आळ घ्यायला तयार, वेळ पडली तर त्याहून वाईट आळ घ्यायला तयार, पण एक नाव तोंडातून निघेना. नोकरीत इतकी माणसं चेपून विचारली, पण माणूस गप्प बसून मोठा गुन्हा अंगावर घेतो तेव्हा तो स्वतःला वाचवत नसतो, एवढं मला कळायला लागलं होतं. मग हे कुणाला वाचवत होते?

थोरलीच्या दारात महिला शिपाई बसवली आणि मी पुन्हा खालाकडे गेले. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. या वेळी तिनं चहा दिला. पोलिसाला चहा पाजला की माणूस बोलतो, हा माझा अनुभव आहे. ती आपणहून बारशाचं सांगायला लागली.

"तुम लोगाँ का भी अजब है, अम्मा. एक औरत आई थी नांदेड से. बच्चे के कान में नाम बोली, और सब औरताँ मिलके उसकीच पीठ पे धपाधप मारे. मैं बोली, नाम रखने आई बिचारी, उसकू कायकू मारते? सब हँसे."

मीही हसले. आणि हसता हसता थांबले.

आपल्यात लेकराचं नाव आत्या ठेवते. कानात नाव सांगते आणि बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. माणूस खोटा कागद करील, खोटा जबाब देईल. पण बारशाला आत्या खोटी आणायचं कुणाच्या मनात येत नाही. तिथे हात आपोआप खऱ्या नात्याकडे जातो. आणि थोरलीच्या नवऱ्याला तर बहीणच नव्हती. त्यानं स्वतः सांगितलेलं, मी लिहिलेलं. मग ही आत्या कुणाची?

"खाला, वो औरत किसकी रिश्तेदार थी?"

"छोटी की ननंद बोलते थे. इसकी छोटी बहन नै क्या, बेगम बाजार में रहती, उसकी."

बेगम बाजारात मसाल्याच्या गोदामामागे धाकटीची खोली होती. तिचा नवरा तिथेच हमाल. मिरचीच्या वासानं मी शिंकत शिंकत जिना चढले. दार तिनंच उघडलं. मला बघितलं आणि पदर ओढून छातीवर घेतला. पदर ओला होता.

"लई उशीर केला, बाई," ती म्हणाली. आवाज फोनवरचा.

मी खाली बसले. तिला बसायला त्रास होत होता, टाके अजून दुखत होते.

तिचं पहिलं लेकरू गेलं होतं. तेव्हा कळा अडल्या म्हणून तिला एका नव्या नर्सिंग होममध्ये नेलं होतं. ती वर्षं तशीच होती. गल्लोगल्ली काचेच्या दाराचे दवाखाने उघडत होते, आणि दाराशी बसलेली मुलगी नाडी बघायच्या आधी डिपॉझिट विचारत होती. डिपॉझिट नव्हतं. तिथून रिक्षानं सरकारी दवाखान्याकडे निघाले, तोवर उशीर झाला. दुसऱ्या खेपेला पाय सुजले, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तेव्हा थोरलीनं आपलं कार्ड तिच्या हातात ठेवलं. "माझ्या नावानं जा. विचारलं तर माझंच नाव सांग." शेजाऱ्यांना कळू नये म्हणून थोरली माहेरी जाऊन बसली. धाकटी जगली. लेकरूही जगलं.

"मग त्याला तिथं का ठेवलंस?"

"सुया टोचायला कार्डवाल्या आईनंच न्यावं लागतं. न्हाई नेलं तर विचारतील, लेकरू कुठंय? दाजीची नोकरी जाईल. म्हणून थोडे दिवस ठेवू म्हणले." तिनं नाक पुसलं. "मग ताई देईना. म्हणती, कागदावर मी आई हाय. म्हणती, उद्या त्याला ताप आला तर तुझ्याकडं काय हाय? माझ्याकडं कार्ड हाय."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? खरंच हाय की ते."

ती रडत नव्हती. हिशेबात हरलेल्या माणसासारखी बसली होती. ताईविरुद्ध तक्रार दिली तर ताईचं घर बुडणार, नाही दिली तर लेकरू जाणार. म्हणून शेजारीण होऊन फोन केला. वाटलं, पोलीस आपोआप शोधतील, म्हणजे तिला तोंडानं काही सांगावं लागणार नाही.

दोघींना ठाण्यात समोरासमोर आणलं. लेकरू थोरलीच्या खांद्यावर होतं. थोरली म्हणाली, "फोन तूच केलास ना?"

"हाव."

"पोलिसाला फोन करायला नाणी होती. माझ्या दारात यायला पाय नव्हते?"

"आले की, ताई. किती बार आले. तू दार लावून घेत हुतीस."

थोरलीचे ओठ हलले. मूल नव्हतं तिला, लग्नाला किती वर्षं झाली होती कोण जाणे. तिनं लेकराच्या डोक्याचं टोपडं सारखं केलं, उगीच दोनदा केलं, आणि त्याला बहिणीच्या ओटीत ठेवलं. "ने. पण आजारी पडलं तर कुठं नेशील, ते तरी सांग यांच्यासमोर."

धाकटीनं लेकराला पदराखाली घेतलं. मी साहेबांकडे बघितलं. साहेब खिडकीकडे बघत होते.

लेकरू आईला मिळालं. नोंदी दुरुस्त करायला जबाब लागले, आणि जबाब झाले म्हटल्यावर फसवणुकीचा गुन्हा नोंदवणं भाग होतं. थोरली, तिचा नवरा आणि धाकटी, तिघांनी कोर्टात कबूल केलं, दंडावर सुटले. थोरलीच्या नवऱ्याची नोकरी मात्र गेली. कारखान्याला त्या दिवसांत माणसं कमी करायचीच होती, त्यांना आयतं कारण मिळालं. कार्डही गेलं. म्हणजे आता दोन्ही बहिणींपैकी कुणाकडेच काही उरलं नाही. या निकालाला न्याय म्हणायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. इतकं ठरवलंय, की थोरलीला चोर म्हणायला माझी जीभ वळत नाही, तिनं कार्ड दिलं म्हणूनही आणि लेकरू अडवलं म्हणूनही. ताप आला की कुठे न्यायचं, हा तिचा प्रश्न खोटा नव्हता. तो प्रश्न कुणा आईला पडता कामा नये, एवढंच माझं म्हणणं. दवाखान्याच्या दारात चेहरा बघायचा असतो, कार्ड नाही, डिपॉझिट तर नाहीच नाही. पण ते गुन्ह्याच्या कागदात बसत नाही.

कोर्टाच्या आधी, गुन्ह्याचे कागद भरताना साहेबांनी मला बोलावलं होतं. फसवणुकीच्या गुन्ह्यात आरोपीनं काय मिळवलं ते लिहावं लागतं. दागिना, सायकल, रोकड, जे असेल ते. आणि हाती लागलं तर ते जप्त करून मूळ मालकाला परत द्यायचं असतं.

"बाई, इसमें क्या लिखूँ? क्या हासिल किए ये लोगाँ?"

मी म्हटलं, "एक माँ, एक बच्चा, साहेब. दोनों जिंदे. जप्त करना है क्या?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि त्या जागी इंग्रजीत लिहिलं, निल.