अक्काचे रविवारचे बेत

हजेरीच्या वहीत तिचं नाव वेगळं होतं, पण रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात सगळे तिला अक्काच म्हणत. धाकटी बहीण लहानपणी अक्का म्हणायची, ते कुणीतरी ऐकलं आणि तेच चिकटलं. एकतीस वर्षं तिच्याकडे पथ्याचं जेवण होतं. बिनमिठाचं सूप, बिनतेलाची भाजी, मऊ भात, उकडलेला बटाटा. पहाटे साडेपाचला ती मोठी पातेली चढवायची आणि दुपारी साडेतीनला एप्रन खुंटीला अडकवायची. मधल्या वेळात दोनशे माणसांच्या पोटात काहीतरी गेलेलं असायचं, आणि त्यातल्या एकानेही कधी मिटक्या मारल्या नव्हत्या. पथ्याच्या जेवणाला कोण मिटक्या मारणार!

घरी आई होती. अकरा वर्षं एका अंगाने लुळी, अंथरुणावर. दिवसा एक पगारी बाई बसायची, बाकी सगळं अक्का बघायची. तिलाही तेच, मऊ आणि अळणी. आईपुरतं वेगळं आणि स्वतःपुरतं वेगळं असं करायला अंगात त्राण कुठे असायचं? अक्का आईच्याच ताटातलं खायची. त्याचं तिला वाईट वाटत होतं असंही नाही. तो विचारच कधी मनात आला नव्हता.

पावसाळा संपता संपता आई गेली. चार दिवस धाकटी येऊन राहिली आणि परत गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत अक्का जन्मात पहिल्यांदा एकटी राहू लागली. तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती.

लोकांना वाटलं, ती रडेल. ती रडली नाही. तिला रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती, यायची ती नुसती झोप. कामावरून आली की पायातल्या चपलाही न काढता ती ओट्याशेजारच्या स्टुलावर बसायची. बसली की बसली. समोर कुकर, डबे, विळी सगळं जागच्या जागी. पण उठून एक वाटी तांदूळ धुवायचे म्हणजे डोंगर चढण्यासारखं वाटायचं. मग चहा व्हायचा, आणि चहात बुडवून पाव. सकाळी तेच, रात्री तेच. दोनशे जणांचं करून आलेल्या बाईला एकीचं जमत नव्हतं.

धाकटी दर रविवारी सकाळी दहाला फोन करायची. तिचं गाव लांब, घरात नवरा, सासू, दोन मुली, त्यामुळे बोलणं मोजकंच. एका रविवारी तिने सहज विचारलं, "आज काय केलंस गं जेवायला?"

अक्काच्या हातात चहाचा कप होता. कपात पावाचा तुकडा विरघळून तळाला बसला होता. तो बघत बघत ती म्हणाली, "वांग्याचे काप तळले. टोमॅटोचं सूप. आणि भात."

"एकटीसाठी एवढं?"

"मग? एकटीला पोट नसतं का?"

धाकटी खळखळून हसली. आई गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. अक्काला बरं वाटलं. खोटं बोलल्याचं काही वाटलं नाही, उलट पुढच्या रविवारी काय सांगायचं ते ती शनिवारीच पातेलं ढवळता ढवळता ठरवू लागली. भोपळ्याच्या सूपमध्ये संत्र्याचा रस घातला, वर मिरी कुटून टाकली. अंड्यांवर परतलेला कांदा पसरून झाकण ठेवलं, कडा कुरकुरीत झाल्या. जे रुग्णालयात करायची सोय नव्हती ते सगळं ती रविवारी फोनवर करायची. धाकटी विचारायची, रस किती घातलास, मिरी आधी की नंतर, आणि अक्का अगदी ठामपणे सांगायची. माप तर तिच्या हातात होतंच.

थंडी पडली तसे बेत वाढले. स्वयंपाकानंतर विणकाम आलं. "खिडकीला क्रोशाचा पडदा विणतेय." मग संत्र्यांचा जॅम आला. मग शेकोटी. इमारतीच्या आवारात थंडीत लोक संध्याकाळी खरोखरच शेकोटी करायचे. अक्काच्या खिडकीतून धूर दिसायचा, हसणंही ऐकू यायचं. ती खिडकी लावून घ्यायची. पण धाकटीला तिने सांगितलं, "मीही जाते की. आम्ही सगळे मिळून बटाटे भाजतो."

"अक्का, तुझं बाई छान चाललंय," धाकटी म्हणाली. "मी येतेच बघ आता. येत्या शनिवारी. दोन दिवस राहते. तो जॅम मात्र संपवू नकोस."

फोन ठेवून अक्काने रिकामा ओटा आणि बिनपडद्याची खिडकी एकदा बघून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती हे फक्त एकाच माणसाजवळ बोलली, लिफ्टमनला. जेवणाची गाडी वर न्यायची म्हणून दिवसातून सहा वेळा दोघं त्या लोखंडी पेटीत समोरासमोर असत. लिफ्टमन हडकुळा, चष्मेवाला, निवृत्तीला आलेला गृहस्थ. स्टुलावर बसून तो क्रोशाने टोप्या विणायचा. एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत त्याचे पाच-सहा टाके व्हायचे. पहिल्या पहिल्यांदा लोक हसले, मग आपापल्या नातवंडांची मापं आणून देऊ लागले.

सगळं ऐकून घेतल्यावर त्याने सुई थांबवली. "म्हणजे जॅम नाही, पडदा नाही, शेकोटी नाही."

"नाही."

"मग करून टाका. पाच दिवस आहेत."

"अहो, मला भात लावायचं त्राण नाही, पडदा कुठून विणू?"

"पडदा नाही होणार," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण सुरुवात तर होईल. सुरुवात केलेली वस्तू खोटी नसते, अक्का. अर्धवट असते." आणि त्याने पिशवीतून एक सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढून गाडीवर, सूपच्या झाकणाशेजारी ठेवलं.

मंगळवारी लिफ्टमध्ये तिने साखळी शिकली. बुधवारी ती उसवली, कारण तो म्हणाला, "हे फार आवळलंय. एवढं घट्ट कशाला धरता? दोरा कुठे पळून चाललाय का?" बुधवारीच येताना तिने संत्री आणली. सोलली, साली बारीक चिरल्या, साखर घालून मंद आचेवर ठेवलं आणि जरा टेकावं म्हणून स्टुलावर बसली. जाग आली ती धुराने. सगळं पातेल्याच्या बुडाला डांबरासारखं चिकटलं होतं. एकतीस वर्षांत तिच्या हातून काही करपलं नव्हतं. तिने पातेल्यात पाणी ओतलं, ते बाल्कनीत नेऊन ठेवलं, दार लावलं आणि आडवी झाली. पुन्हा करून बघायचं मनात आलं, पण पाय उठले नाहीत.

शनिवारी अकराला धाकटी आली. पन्नाशीची बाई, तीन जिने चढून धापा टाकत, हातात फुगलेली पिशवी. आल्या आल्या अक्काच्या गळ्यात पडली आणि लगेच स्वयंपाकघरात शिरली.

"जॅम कुठाय?"

"संपला."

"सांगितलं होतं ना ठेव म्हणून! बरं, पडदा?"

"धुवायला टाकलाय."

धाकटीने फ्रिज उघडला. दूध, अर्धा पाव आणि पाण्याच्या दोन बाटल्या. तिने तांदळाचा डबा उघडला. त्याचं झाकण इतक्या दिवसांत घट्ट बसलेलं, दोनदा जोर लावावा लागला. आत पोरकिडे झाले होते. मग ती बाल्कनीत गेली आणि बराच वेळ आत आली नाही. आली तेव्हा हातात ते काळं पातेलं होतं.

"अक्का, तू रविवारी काय खातेस?"

"चहापाव."

"आणि सोमवारी?"

"तेच गं."

धाकटीचा चेहरा लाल झाला. "तीन महिने! तीन महिने मी तिकडे सासूला सांगतेय, बघा आमची अक्का, एकटी राहून कशी हौसेने करून खाते. तुला मला सांगता आलं नाही?"

"तू हसायचीस," अक्का म्हणाली. "फोनवर. म्हणून सांगत गेले."

"आणि मी मूर्ख, तुझं एकेक घरी करून बघत होते!"

अक्काने मान वर केली. "काय करून बघत होतीस?"

"सगळंच! ते भोपळ्याचं, संत्र्याचा रस घालून. सासूने दोनदा मागून घेतलं. कुणाच्याही हातचं दोनदा न घेणारी बाई!"

"रस शेवटी घातलास ना?"

"तूच सांगितलंस ना, आच बंद करून घाल म्हणून!"

"आणि कडवट नाही झालं?"

"नाही!"

"मला वाटलं होतं, कडवट होईल," अक्का म्हणाली आणि तिला हसू फुटलं. हसता हसता ती खाली फरशीवरच बसली. पातेलं बाजूला ठेवून धाकटीही शेजारी बसली. मग कधीतरी दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र आईसाठी होतं.

दुपारी धाकटीने भोपळा आणि संत्री आणली. अक्का उठू लागली तर तिने तिला स्टुलावर दाबून बसवलं. धाकटी लग्न होईपर्यंत अक्काच्याच हातचं खाऊन वाढली होती. तिचा हात काही सफाईचा नव्हता, सालं उडत होती, सांडत होतं, आणि अक्काला ते बघवत नव्हतं. पण तिने हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

"तुला काय आवडतं गं अक्का, खरंच? तिखट घालू का कमी ठेवू?"

"आईला कमी..."

"आईचं नाही विचारलं."

अक्का विचार करू लागली. फरशीकडे बघून, शाळेत उत्तर आठवावं तशी. "माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. आणि हे ऐकून तिचं तिलाच जरा भय वाटलं.

वाडग्यातला पहिला घोट तिने हळूच घेतला. गरम, गोडसर, मागाहून संत्र्याचा आंबटपणा. तिने मिरीची डबी ओढली आणि चिमूटभर मिरी टाकली. पुन्हा चाखलं. पुन्हा टाकली. तिसऱ्यांदा टाकली तेव्हा धाकटी ओरडली, "अगं, जीभ जळेल!"

"जळू दे," अक्का नाक पुसत म्हणाली. "हं. आता आवडलं."

संध्याकाळी धाकटीने शेकोटीचा हट्ट धरला. अक्काने पाय दुखतात, थंडी बाधेल, सगळं सांगून पाहिलं. शेवटी दोघी शाली गुंडाळून खाली गेल्या. शेकोटीभोवती सात-आठ जण होते. पहिल्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई अक्काकडे बघून म्हणाली, "तुम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या ना? तुम्ही खाली येत नाही असं ऐकलं होतं."

"आईचं आजारपण होतं," अक्का एवढंच म्हणाली. धाकटीने तिचा हात धरला. बाकावर जागा झाली.

बटाटे निखाऱ्यांवर टाकले होते, वरून काळे आणि आत कच्चे. अक्काला राहवलं नाही. "वर नको," ती म्हणाली. "राखेत पुरा. खोल. आणि हात लावू नका पाऊण तास." तिचा स्वर स्वयंपाकघरातला होता, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. पाऊण तासाने बटाटे निघाले तेव्हा लोणी नसतानाही लोण्यासारखे झाले होते. लोक तिला सांगायला वळले, तर अक्का धाकटीच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली होती.

रविवारी दुपारी धाकटी निघाली. जिन्यात ती म्हणाली, "आता फोनवर खरं सांगायचं."

"खरं कंटाळवाणं असतं गं."

"असू दे. कंटाळवाणं सांग."

त्यानंतर सगळं बदललं असं काही झालं नाही. अक्का थकलेली होती, ती थकलेलीच राहिली. अकरा वर्षांचा शीण दोन दिवसांत जात नसतो. कितीतरी संध्याकाळी पुन्हा चहापावच व्हायचा, आणि धाकटीला ती तसं सांगायची. पण आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, एक छोटं पातेलं चढायचं. तिला काय आवडतं याचा शोध संथपणे चालला होता. मिरी आवडते. करपत आलेला कांदा आवडतो. मऊ भात अजिबात आवडत नाही, मोकळा हवा. हे कळलं तेव्हा तिला आईपासून थोडं चोरल्यासारखं वाटलं, तरी तिने तो मोकळाच केला. पडदा थंडी संपेपर्यंत वीतभर झाला. लिफ्टमन म्हणाला, "वाईट नाही." त्याच्या तोंडी हे फार होतं.

उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास शिवणवाल्या बाईने दार वाजवलं. अक्का नुकतीच कामावरून आलेली, चपला पायातच.

"गच्चीवर आम्ही टबात गार पाणी भरून ठेवलंय," ती म्हणाली. "सावलीत बसायचं, पाय बुडवून. येता का?"

"बोलावं लागेल?"

"नाही. नुसतं बसायचं."

"मग येते," अक्का म्हणाली. ती एक मजला चढून वर गेली, चपला काढल्या, सुजलेले पाय पाण्यात सोडले, आणि ऊन उतरेपर्यंत चौघी बायकांमध्ये एक अक्षर न बोलता बसून राहिली.