फाटलेला मांडा

सारिकाची फिल्म सात मिनिटांची होती. त्यातल्या चाळीस सेकंदांमुळे ती सकाळपासून आईच्या शेजारी असूनही आईकडे बघत नव्हती.

आई, कौतिकबाई, बोदवडच्या मांडेवाल्या. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि जाळावरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडायचा, हे काम त्या वीस वर्षं लग्नालग्नांतून करत होत्या. सारिका कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात तिने मोबाईलवर आईचं काम टिपलं. टिपता टिपता एक मांडा आईच्या हातावरच फाटला.

मांडेवाल्यांची एक रीत आहे. फाटलेला मांडा पंगतीत जात नाही. फाटका भाग आत घेऊन घडी करायची, फडक्याखाली सारायची आणि शेवटी आपणच खायची. त्याविषयी कुणी बोलत नाही. पुढच्या लग्नाचं बोलावणं हाताच्या नावावर येतं.

"तेवढं काढून टाक," आई म्हणाली होती. "बाकी बठ्ठं ठेव."

सारिका हो म्हणाली, आणि काढलं नाही. एरवी धुरात हरवणारा आईचा चेहरा त्याच चाळीस सेकंदांत उघडा पडला होता.

आता जळगावच्या युवा चित्रपट महोत्सवात ती फिल्म लागणार होती. कौतिकबाई एकट्या आल्या नव्हत्या. त्यांच्या जोडीने खापराशी बसणाऱ्या सुपडाबाईही सोबत होत्या. गाडीत भुसावळ मागे पडेपर्यंत सुपडाबाईंचं तोंड थांबलं नव्हतं.

"कौतिके, तू आता हिरोईन झाली व! माह्यासंग बोलशीन का?"

"तू बोलू देशीन तव्हा," कौतिकबाई म्हणाल्या.

सभागृहात अंधार झाला. पडद्यावर खापर आलं, जाळ आला, मागे सारलेल्या बांगड्या आल्या. मग तो मांडा. मधोमध भेग पडली आणि पुरण मनगटावर घसरलं. मागच्या रांगेतली पोरं हळहळली.

"हे काय व?" सुपडाबाई कुजबुजल्या. "फाटेल दाखवला?"

कौतिकबाईंनी पदर तोंडाशी धरला. सारिकाला शेजारून आईचा श्वास ऐकू येत होता.

पडद्यावरच्या कौतिकबाई क्षणभर त्या भेगेकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. त्यांनी घडी केली, फडक्याखाली सारली, मनगट पुसलं आणि नवा उंडा घेतला. तो इतका पातळ झाला की पलीकडचा जाळ त्यातून लाल दिसला. मग टाळ्या सुरू झाल्या आणि फिल्म संपेपर्यंत थांबल्या नाहीत.

सूत्रसंचालक चारुलता मॅडमनी सारिकाला मंचावर बोलावलं. पहिलाच प्रश्न एका मुलाने विचारला.

"तो मांडा खरंच फाटला, की तुम्ही मुद्दाम फाडायला लावला?"

सारिकाच्या हातात माईक होता. मुद्दाम, एवढा एक शब्द पुरला असता. आईचं नाव राहिलं असतं, सुपडाबाईंचं तोंड बंद झालं असतं. खरं बोलली तर बोदवडला गाडी पोचायच्या आत ते गावभर होणार होतं. ती समोरच्या अंधारात आईला शोधू लागली.

चौथ्या रांगेत कौतिकबाई उठून उभ्या होत्या.

"खरा फाटला, भाऊ," त्यांनी माईकशिवाय सांगितलं. "गहू कमी भिजेल होता. मुद्दाम फाडाले मले येत नाही. वीस वर्सात शिकलीच नाही मी ते."

सभागृह हसलं, आणि मग उभं राहिलं. सारिकाने माईक आईच्या दिशेने धरला.

टाळ्या ओसरल्यावर सुपडाबाईंनी कौतिकबाईंचा पदर ओढून त्यांना खाली बसवलं.

"आखाजीच्या सणाले माहे तीन फाटले होते," त्या हळूच म्हणाल्या.

"तीन? अन् मले एक बी नाही सांगितला?"

"तू तरी कधी सांगितलं व?"

बाहेर चहाजवळ पोरींनी कौतिकबाईंना गराडा घातला. कोणी हात धरून बघत होतं, कोणी फोटो मागत होतं.

"थांबा," कौतिकबाई म्हणाल्या, आणि गर्दीतून वाट काढत सारिकाला दंडाला धरून आणलं. "ही फिल्म काढनारी. माही पोरगी हाये. मी ते फाटेल काढून टाक म्हनलं, तरी इनं काढलं नाही."

दंडावरची पकड त्यांनी बराच वेळ सोडली नाही.